रेषेबाहेरचं अंगण

एप्रिल लागला की लोकांच्या दारात आंब्याच्या पेट्या येतात. आमच्या बेंगळुरूच्या राजाजीनगरात दारात खडी येते. जुनं बैठं घर पाडायचं, त्या जागी चार मजले चढवायचे आणि पावसाच्या आत स्लॅब टाकून मोकळं व्हायचं, अशी इथली रीत झाली आहे. सकाळी दूधवाला जातो न जातो तोच टिप्पर येतो, मागचं फाळकं उघडतं आणि रस्त्यावर जल्लीचा ढीग ओतला जातो. खडीला इथे जल्ली म्हणतात. तो घरंगळता आवाज झाला की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या धाडधाड बंद होतात, कोणीतरी कन्नडमध्ये ओरडतं, कोणीतरी वाळत घातलेल्या चादरी ओढून नेतं. मी मात्र खिडकीत उभी राहून त्या ढिगाकडे बघत बसते. निळसर करडे, धारदार कडांचे तुकडे, ताजे फोडलेले. आणि मला इतका राग येतो म्हणून सांगू! चहा गार होतो, सायीचा पापुद्रा धरतो, तरी माझं बघणं संपत नाही.

हा राग जुना आहे, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातला. दरवर्षी कैऱ्यांबरोबर तोही बाजारात येतो.

तेव्हा माझं काम होतं दगडांचं भविष्य सांगायचं. चेष्टा नाही करत. उघड्या खाणीत सुरुंग उडवला की बहुतेक खडक जागच्या जागी फुटून खाली ढासळतो, पण काही दगड उधळतात आणि लांब जाऊन पडतात. ते किती लांब जातील, कुठवर माणसाने उभं राहू नये, याचा आधी अंदाज बांधायचा. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला मी हे सांगितलं की बायकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. पुण्याहून नुकती आलेली एक म्हणाली, "वॉव, सो इंटरेस्टिंग! म्हणजे एआय का?" दुसरी म्हणाली, "अगंबाई, मग आमच्या ह्यांची पत्रिकापण बघ ना." मी हसून तिळगूळ तोंडात टाकला. काय सांगणार, कप्पाळ?

खरं तर समजायला अवघड काही नाही. खडकात खोल भोकं पाडायची, त्यात दारू भरायची आणि वरचं तोंड बारीक चुरीने घट्ट बुजवायचं. दाब आत राहिला तर खडक फुटतो. पण तोंड नीट बुजवलं नसेल, नाहीतर खडकाच्या पोटात मातीची एखादी शीर असेल, तर दाब तिथून वाट काढतो आणि समोर येईल तो दगड घेऊन सुटतो. कुकरची रिंग एका बाजूने गेली की वाफ कशी तिथूनच फिसकारते, तसं. शीर कुठे आहे हे वरून दिसत नाही, म्हणून तर अंदाज बांधायचा. भोकाची खोली, दोन भोकांमधलं अंतर, दारू किती, चुरी किती, खडक कसला, हे सगळं संगणकाला द्यायचं, आधीच्या स्फोटांचे दगड कुठवर गेले तेही द्यायचं आणि विचारायचं, बाबा रे, उद्या काय होईल?

मी चंद्रपूरकडची. माझे बाबा कोळशाच्या उघड्या खाणीत होते. आमच्या क्वार्टरच्या खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत, काच फुटली तरी अंगावर सांडू नये म्हणून. दुपारी शाळेत मास्तर कविता शिकवत असताना जमीन एकदा हलायची. मास्तर थांबायचे, आम्ही थांबायचो आणि मग पुढची ओळ. त्यामुळे पुढे मी खाणीचं इंजिनिअरिंग घेतलं तेव्हा घरात कोणाला नवल वाटलं नाही. आई तेवढी म्हणाली, "पोरगी जात, काहून जातेस वो त्या धुळीत?" मग तिच्या समाधानासाठी मी बेंगळुरूला आले, एसीत बसून खाण करायला.

एसी म्हणजे पीण्या नावाच्या इथल्या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपच्या वरचा मजला. खाली लेथ चालायचे, लोखंडाच्या कुरळ्या किसाचा आणि जळक्या तेलाचा वास जिन्यातून वर यायचा. वर आम्ही मोजकी माणसं आणि आमचा केदार. हा पुण्याचा, वयाने माझ्याएवढाच, पण कंपनी त्याची म्हणून साहेब. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, एकदा भांडून मोकळी झाले असते. वाढदिवसाला केक आणायचा, कोणाची आई आजारी असली तर स्वतःच्या गाडीने सोडायचा, आणि खाण मात्र स्क्रीनवरच बघायचा. आमच्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. तो त्याला रिमोट मॉनिटरिंग म्हणायचा.

शहराच्या बाहेर तासाभरावर एक दगडखाण होती, तिचं काम आम्हाला मिळालं होतं. त्या उन्हाळ्यात मी तिथे किती फेऱ्या मारल्या असतील! सकाळी निघताना हवा गोड असायची. होंगेची झाडं, म्हणजे आपला करंज, कोवळ्या पोपटी पानांनी भरलेली, खाली लाह्यांसारख्या फुलांचा सडा. सिग्नलला तोतापुरी कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून विकायला असायच्या, त्या खात खात आम्ही शहराबाहेर पडायचो. मग फ्लॅटच्या जाहिराती संपायच्या, शेवंतीचे मळे लागायचे आणि अचानक रस्त्याच्या कडेची झाडं पांढरी दिसायला लागायची. पानापानावर पीठ. तिथून खाण सुरू.

खाणीचीही त्या दिवसांत घाई असते. पाऊस लागला की भोकांत पाणी भरतं, काम मंदावतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये जमेल तेवढं फोडून ठेवायचं. दुपारी जेवणाच्या वेळेला सायरन व्हायचा, लाल झेंडे घेऊन माणसं रस्ते अडवायची, आणि त्या भर उन्हात जगातलं सगळं थांबल्यासारखं व्हायचं. मग पायाखालून धक्का यायचा, नंतर आवाज, नंतर धूळ. धुळीला स्वतःचा एक वास असतो, चकमक घासल्यासारखा. तो केसांत बसला की दोनदा न्हाल्याशिवाय जात नाही.

सरकारी नियमाने धोक्याचं अंतर भरपूर मोठं धरायचं असतं, आणि त्यात घरं आली की खाणवाल्यांची पंचाईत. आमच्याकडून त्यांना हवं होतं ते एवढंच, की आमच्या खाणीतला दगड तेवढा लांब जातच नाही असं संगणकाने सांगावं, म्हणजे अंतर कमी करून मागता येईल. मागायला हरकत नाही. खरंच जात नसेल तर मागा की! पण जातो की नाही हे ठरवायची त्यांची रीत मी पहिल्यांदा बघितली आणि डोक्याला हात लावला.

स्फोट झाल्यावर दोघं जण टेप घेऊन निघायचे, सगळ्यात लांब पडलेला दगड शोधायला. शोधत शोधत तारेच्या कुंपणापर्यंत जायचे. तिथे थांबायचे आणि तिथून आकडा ओरडायचे. दगड कुंपणाच्या बाहेर गेलेला दिसत असला तरी आकडा कुंपणाचाच. यात लपवाछपवी काही नव्हती बरं. मी विचारलं तर खाणीच्या मॅनेजरने, बेळगावकडचा माणूस, अगदी मोकळेपणाने सांगितलं.

"तसं न्हवं मॅडम. भाईर गेलेला दगड आमचा हाय असं कसं म्हणायचं? रानात दगड काय कमी हाईत?"

"अहो, पण तो आता उडून गेला. आपण दोघांनी बघितला."

"बगितला की. पण लिवला तर काम बंद पडतंय. चौकशी लागतीय. मग तुमचं सॉफ्टवेअर तरी कशाला पायजे?"

म्हणजे संगणकाला आम्ही काय शिकवत होतो? की या खाणीतला दगड मोठा शिस्तीचा, कुंपण दिसलं की खाली उतरतो. संगणक बिचारा शिकला. त्याला जेवढं वाढाल तेवढंच तो जेवणार. त्याने नकाशावर कुंपणाला चिकटून एक सुबक लाल रेष काढून दिली, आणि सगळे खूश.

मी परत येताना गाडीतूनच केदारला फोन केला, तणतणत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हे बघ, चिल. आपल्याला जो डेटा मिळतो त्यावर आपण मॉडेल ट्रेन करतो. ग्राउंडवर काय होतं ती क्लायंटची रिस्पॉन्सिबिलिटी आहे." मी म्हटलं, "अरे, पण डेटाच खोटा असेल तर?" तो म्हणाला, "खोटा म्हणू नकोस. इनकम्प्लीट म्हण." या पुणेकरांकडे शब्द फार चांगले असतात बुवा.

मग एका दुपारी धूळ बसल्यावर मी कुंपणाच्या बाहेर पडले आणि दगड शोधत चालत सुटले. कुंपणापासून थोडं पुढे एक घर लागलं. मंगळुरी कौलं, सारवलेलं अंगण, एका बाजूला गाईचा गोठा आणि शेवंतीचा छोटा वाफा. वाफ्याची कड दगडांची. कपडे धुवायच्या जागी दगड. खाटेच्या तुटक्या पायाखाली दगड. आजूबाजूच्या रानातले दगड ऊन-पावसाने गोल झालेले, तांबूस. हे मात्र निळसर करडे, धारदार, कालपरवा फुटल्यासारखे. मी वाकून एक उचलला, तेवढ्यात आतून आवाज आला, "रेणुका, कोण आलंय गं, बघ की स्वल्प."

मराठी! मी दचकून ताठच उभी राहिले.

ती तुळसक्का. तिचे पूर्वज कधीतरी तिकडून आले, कधी आणि कुठून ते तिलाही ठाऊक नव्हतं. घरात एवढी भाषा तेवढी उरलेली. नवरा वारलेला. मुलगी रेणुका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, दाराच्या चौकटीला टेकून उभी. दोघींनी मला सावलीत बसवलं, कोथिंबीर-आलं घातलेलं ताक दिलं. मी विचारलं, "अक्का, हे दगड कुठले?"

"वरून येतात की," ती म्हणाली, पाऊस येतो म्हणावं तसं. "आले की लावते कुठं तरी. कडक असतात, चांगले."

"भीती नाही वाटत?"

"वाटत होती. मग ती लोकं नकाशा घेऊन आली. म्हणाली, कंप्यूटरनं बघितलंय, तुमचं घर रेषेच्या भाईर, तुमाला काय होत नाही. कुंपणाला लागून घरं हाईत ना, ती आत. सायरनच्या आदी त्या सगळ्यांना गाडीत घालून देवळाकडं नेतात, बसवतात, झालं की परत सोडतात. आमाला नाही."

मी ताकाचा पेला खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत होती. "तो कंप्यूटर तुमचाच काय?"

मी मान हलवली.

"मग आमचं घर पण धोक्यात घाल की गं," ती म्हणाली. "एवढं कर. हिचं पोट बघ. सायरन झाला की हिला घेऊन कुठं पळू मी?"

हे वाक्य मला कुठेही आठवतं. भाजी निवडताना, मेट्रोत, अंघोळ करताना. उभ्या आयुष्यात कोणी माझ्याकडे असलं मागणं मागितलं नव्हतं. धोक्यात घाल म्हणजे सायरनच्या आधी दारात गाडी येईल, लेकीला घेऊन देवळाच्या सावलीत बसता येईल. माझं त्या उन्हाळ्याचं सगळं काम एवढ्यावर येऊन थांबलं. ती रेष तुळसक्काच्या गोठ्यापलीकडे न्यायची. बस.

मी तिच्याच कन्नड धाटणीत म्हटलं, "सरी, अक्का. बरं, करते."

किती सहज म्हटलं! मी परत जाऊन त्या दगडांचे फोटो केदारपुढे टाकले, कुंपणापासून अंगणापर्यंतचं अंतर मोजून आणलं होतं तेही. त्याने फोटो नीट मोठे करून बघितले. "रिअली सॅड," म्हणाला. मग म्हणाला, "पण हे वापरणार कसे? कुठल्या ब्लास्टचे आहेत हे? त्या ब्लास्टला चार्ज किती होता? या दगडांना तारीखच नाही." आणि मुद्दा बरोबर होता, हेच तर दुःख. वाफ्याच्या कडेला लावलेला दगड कुठल्या दुपारी आला हे कोण सांगणार? ज्यांनी लिहून ठेवायचं त्यांनी लिहिलं नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणून ते घडलेलं नाही. मी म्हटलं, "मग अंदाजाने रेष थोडी बाहेर घेऊ. सावधगिरी म्हणून." तो म्हणाला, "अंदाजाने? अगं, मग मॉडेल कशाला केलं आपण?" चंद्रपूरची एक अस्सल शिवी माझ्या अगदी ओठांवर आली होती. गिळली. खाली लेथ किंचाळत होता.

त्या दिवसांत संध्याकाळी आभाळ भरून यायचं, नुसतंच गडगडायचं, एक थेंब पडायचा नाही. राजाजीनगरच्या गच्चीवर उभी राहून मी ते ऐकायची. गडगडाट झाला की आज स्फोटाचा दिवस होता का, असं वाटायचं. अजून वाटतं. परवाच खालच्या शेजारणीने विचारलं, "आभाळ वाजलं की तुम्ही फोन का हातात घेता हो?" मी काहीतरी थाप मारली.

मे महिन्यात रेणुकाला मुलगी झाली. तिला सगळे पुट्टी म्हणायचे, म्हणजे चिमुकली. मी चिकपेटच्या गर्दीत घुसून दुपटी आणि झबली घेऊन गेले. दुकानदार "अक्का, स्वल्प थांबा" म्हणत माझ्यापुढे गठ्ठ्यावर गठ्ठे उलगडत होता आणि मी मऊ कापडावरून हात फिरवत त्या कौलांचा विचार करत होते. तुळसक्काने झबली डोळ्यांना लावली. रेषेचं काय झालं, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

उन्हाळा म्हटला की तुळसक्काचं वाळवण. आपल्या कुरडया-सांडग्यांसारखंच, ती त्याला संडिगे म्हणते. पहाटे उठून तांदळाचं पीठ शिजवायचं, जुन्या साडीवर अंगणभर चिकाचे ठिपके घालायचे, दुपारच्या कडक उन्हात ते खडखडीत व्हायचे. आणि नेमका त्याच वेळेला खाणीचा सायरन. धूळ बसली की सगळं वाळवण मातीमोल. म्हणून तिने आपली सवय लावून घेतली होती, सायरन वाजला की अंगणात धावायचं आणि दुसरी साडी वरून पसरायची. सायरन म्हणजे तिच्या लेखी धुळीची वर्दी. दगडाचं काय, तिला सांगितलंच होतं ना नकाशा दाखवून, की तुम्ही सेफ. रेषेच्या आतली सगळी माणसं देवळाकडे चालली असायची तेव्हा ही बाई उघड्या अंगणात यायची, कागदावरच्या एका शब्दावर भरवसा ठेवून.

त्या दुपारी मी तिथेच होते. आम्ही, मॅनेजर, पाहुणे, सगळे नेहमीप्रमाणे गाड्यांपाशी उभे होतो. धक्का बसला, आवाज झाला, आणि धुळीतून एक काळा ठिपका वर वर चढताना दिसला. कोणीतरी म्हणालं, "गेला बघ एक भाईर." ज्या स्वरात क्रिकेटचा चेंडू गेला म्हणतात त्याच स्वरात. मी पळत सुटले.

ती अंगणात बसलेली होती, पसरलेल्या साडीवर, डावा हात मांडीवर घेऊन. हात कोपराच्या खाली जिथे वळायला नको तिथे वळला होता. आजूबाजूला संडिग्यांचा चुरा. दारात रेणुका, बाळाला छातीशी आवळून, तोंड उघडं, आवाज नाही. तुळसक्का मला बघून म्हणाली, "सेफ म्हणाले होते की गं." रागाने नाही, नुसतीच विचारत होती. मी गाडी आणायला परत पळाले.

पळताना कळलं, गाड्या किती लांब होत्या. घर मागे राहिलं, शेवंतीचा मळा मागे राहिला, बांध गेला, तरी गाड्या येईनात. धाप लागली, कमरेवर हात ठेवून मी वळून बघितलं. खाण, मग कुंपण, मग तुळसक्काचं घर, आणि माझ्याही पुढे, घरापासून कितीतरी लांब, रस्त्यावर ओळीने उभ्या असलेल्या पांढऱ्या गाड्या. इतके दिवस मी तिथेच उभी राहत होते आणि ध्यानात आलं नव्हतं. ती जागा कुठल्या सॉफ्टवेअरने काढली नव्हती. काचा फुटू नयेत म्हणून ड्रायव्हरांनी ठरवून ठेवलेली ती जागा, आणि साहेब लोक काही न बोलता तिथे उभे राहायचे.

हात जुळून आला, पण वाकडा. घागर उचलत नाही अजून.

पुढच्या आठवड्यात केदारने मला बोलावलं. स्क्रीनवर आलेख होता, ठिपक्यांची छान सरळ रांग आणि लांब वर एकटाच एक ठिपका. तो स्फोट मात्र लिहावा लागला होता, इतक्या माणसांनी बघितला होता ना. "तो एक पॉइंट काढून टाक," केदार म्हणाला. "आउटलायर आहे. त्याने सगळा फिट बिघडतोय."

"केदार, तो पॉइंट म्हणजे तुळसक्काचा हात आहे."

खरंच कसंनुसं झालं त्याला, खोटं कशाला बोलू. मग हळूच म्हणाला, "आय नो. पण एका घटनेवर मॉडेल नाही बनत गं." मी उठून बाहेर आले. त्याने स्वतःच तो ठिपका काढला. आलेख सुंदर झाला आणि आमचा अंदाज आधीपेक्षा अचूक ठरला. आहे ना गंमत? अशी गंमत बघितली की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं, पण भिंतही त्याच खडीची.

खाणीच्या ऑफिसात बैठक झाली तेव्हा मी मॅनेजरला सरळ म्हटलं, "साहेब, एवढी रेषेची खात्री आहे ना? मग पुढच्या स्फोटाला तुमची गाडी तुळसक्काच्या अंगणात लावा."

"नवी गाडी हाय मॅडम," तो पटकन म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. केदार चहाच्या कपात बघत बसला. वर पंखा फिरत होता. मला वाटलं, आता तरी. आता तरी कोणी म्हणेल, चला, रेष हलवू. मॅनेजरने घसा खाकरला आणि म्हणाला, "आमी त्यांना नवीन पत्रे देतो छपरावर घालायला. चांगले जाड." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. रेष जिथे होती तिथेच राहिली.

त्यानंतर पाऊस लागला, खाण थंडावली, विषयही थंडावला. मी जिथे जिथे लिहायचं तिथे लिहिलं. उत्तरं आली, सगळी नम्र. दिवाळीच्या आत मी ते काम सोडलं. आता पीण्यातच दुसरीकडे आहे, यंत्राचं बेअरिंग कधी मोडेल याचा अंदाज बांधते. तिथे निदान मोडलेलं बेअरिंग मोडलेलं म्हणून मोजतात. केदारचं बरं चाललं आहे, अधूनमधून मेसेज करतो. मी अंगठा पाठवते.

तुळसक्काशी मात्र नातं टिकलं. रेणुकाचा नवरा लांबच्या गावी कामाला, म्हणून ती पुट्टीला घेऊन आईकडेच राहिली. गेल्या रविवारी तिघी आमच्याकडे आल्या होत्या. पुट्टीचं जावळ काढायचं आहे, त्यासाठी चिकपेटला कापड घ्यायला आल्या आणि तिथून मेट्रोने राजाजीनगरला. पुट्टी आता घरभर पळते. तिने माझ्या चपला घातल्या, खिडकीतून खाली खडीचा ढीग बघितला, "कल्लु, कल्लु" म्हणून ओरडली. कल्लु म्हणजे दगड. मी आंबा कापून फोडी बशीत घातल्या. तिने एक उचलली, रस कोपरापर्यंत ओघळला, आणि तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स गेली.

पुट्टीने फोड टाकली आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर. रडली नाही, ओरडली नाही. मला आधी हसूच आलं. म्हटलं, "अगं, ये ये, ती गेली बघ गाडी!" सायरन विरून गेला तरी ती हलेना. मी टाळ्या वाजवल्या, बशी टेबलाखाली सरकवली, भोवरा काढला. ती वर बघत होती, टेबलाच्या फळीकडे, आणि थांबली होती.

"अशी नाही यायची ती," रेणुका म्हणाली. "सायरननंतर धडाम होतं ना, ते झालं की मी 'आयतु' म्हणते. झालं म्हणून. मग येते."

"मग आता?"

"आता धडाम कुठलं इथं? बसंल बसंल, झोपी जाईल तिथंच."

तुळसक्का वाकडा हात दुसऱ्या हाताने चोळत बसली होती. मी खाली वाकले. पुट्टीच्या डोक्यावरचे हात जरासुद्धा ढिले झाले नव्हते, बोटांवर आंब्याचा रस वाळत होता.

मी आतल्या खोलीत गेले. लोखंडी कपाटाचं दार सताड उघडलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून आपटलं. त्या उन्हाळ्याचा सगळा राग त्यात होता. भिंत हादरली, वरची बॅग खाली आली, शेजारणीने खिडकीतून "काय झालं हो?" म्हणून हाक मारली.

बाहेर रेणुका शांतपणे म्हणाली, "आयतु."

मी आले तोवर पुट्टी टेबलाखालून बाहेर निघाली होती. तिने फ्रॉकला हात पुसले, छताकडे एकदा बघून घेतलं आणि आंब्याची दुसरी फोड मागितली.